पंप बदलाच्या आधी गेज लावा राजेहो : मॉडिफाय गाडीचं फ्युएल प्रेशर कसं मोजाचं

आमच्या अचलपूर-चांदूर बाजारकडे ज्यानं एक उन्हाळा संत्र्याच्या बागेचं ठिबक सांभाळलं ना, त्याला फ्युएल प्रेशर वेगळं शिकवाची गरजच नाही. विहिरीत मोटर, वर सॅण्ड फिल्टर, फिल्टरच्या अलीकडे एक गेज अन् पलीकडे एक, मग सबमेन, लॅटरल, ड्रीपर, अन् जास्तीचं पाणी परत विहिरीत सोडणारा बायपास. आता गाडी पाहा. टाकीत पंप, मग फिल्टर, मग इंजिनवरची रेल (पेट्रोल वाटणारी नळी), रेलला लागलेले इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोंडं), अन् जास्तीचं पेट्रोल परत टाकीत सोडणारा रेग्युलेटर. सगळं तेच आहे. फरक इतकाच की बागेत झाडं सुकायला लागली की आपण आधी गेजजवळ जातो, अन् गाडी चढावर दम सोडायला लागली की आपण आधी प्लग बदलतो, मग कॉईल, मग इंजेक्टर साफ, मग कोणीतरी सांगते मोठा पंप टाक, अन् गेज मात्र कोणी लावत नाही.

हे मी दुसऱ्याला हसून नाही सांगून रायलो, मी स्वतः तेच केलं आहे. माझी जुनी जिप्सी आहे, १३०० चं १६ व्हॉल्व्हवालं एमपीएफआय, म्हणजे दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टरवालं इंजिन, कंपनीचं ८० हॉर्सपॉवरचं, त्यात मी कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला, धूर बाहेर नेणारा एक्झॉस्टचा हेडर टाकला, अन् ऐकीव माहितीवर २५५ लिटर ताशीवाला पंप टाकला. गावात मस्त पळायची. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला लागली की अर्ध्या घाटात झटके. एका गॅरेजवाल्यानं तं डोकं हलवून सांगितलं, "भाऊ, इंजिन खोला लागते." दोन महिने अन् बरेच पैसे गेल्यावर माझ्या चुलतभावानं, जो फक्त ठिबकचं काम करते, त्यानं विचारलं, "बे, प्रेशर पाह्यलं का तू?" पाह्यलं नव्हतं. पाह्यलं तेव्हा काय निघालं ते पुढे येतेच.

आधी ओळखा, तुमची गाडी कोणत्या जातीची

सगळ्या गाड्यांना एकच आकडा नसते, म्हणून गेज विकत आणाच्या आधी हे पाहून घ्या. कार्बोरेटरवाली जुनी गाडी असेल तं तिथं प्रेशर लय कमी, २ ते ४ पीएसआयच्या (प्रेशरचं माप, चौरस इंचाला पाउंड) आसपास, तिला १०० चं गेज लावलं तं सुई हललेली पण दिसणार नाही. रिटर्नवाली इंजेक्शन गाडी, म्हणजे जिच्या रेलवर रेग्युलेटर बसला आहे अन् तिथून एक बारीक पाईप परत टाकीकडे जाते, तिला साधारण ४० पीएसआयच्या अलीकडे-पलीकडे. नंतरच्या बऱ्याच गाड्या रिटर्नलेस, रेग्युलेटर टाकीतच पंपासोबत, रेलला एकच पाईप, तिथं प्रेशर बहुतेक ३ ते ४ बार अन् ते इंजिनच्या व्हॅक्युमनं, म्हणजे हवेच्या ओढ्यानं हलत नाही. नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, चहाच्या टपरीवरून नाही.

हिशोब लक्षात ठेवा : १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, अन् १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, ज्याला आपण नुसतं "एक किलो" म्हणतो, ते १४.२. ठिबकवाले किलोत बोलतात, मॉडिफायवाले पीएसआयमध्ये, मॅन्युअल किलोपास्कलमध्ये (१०० किलोपास्कल म्हणजे १ बार), म्हणून भांडण होते.

अन् एक गोष्ट आत्ताच सांगतो. कॉमन रेल डिझेल, म्हणजे आजकालच्या बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या गाड्या, त्यांच्या रेलला हात लावाचा नाही. तिथं हजार बारच्या वर प्रेशर असते, बारीक फट पडली तं डिझेलची धार कातडी फाडून आत घुसते, बोट कापाची वेळ येते. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीची हायप्रेशर बाजू पण तशीच. हा लेख फक्त साध्या पेट्रोल इंजेक्शनसाठी आहे.

काय काय लागते

गेज ० ते १०० पीएसआयचं घ्या, ग्लिसरीन भरलेलं असलं तं सुई थरथरत नाही. २०० चं घेऊ नका, आपलं काम ३० ते ५० च्या मधात आहे, मोठ्या गेजवर दोन-तीन पीएसआयचा फरक वाचताच येत नाही. अन् बागेतल्या ठिबकच्या हेडरवरचं गेज काढून आणाचा मोह होते, मलेही झाला होता, आणू नका. त्यात गाळ बसलेला असते, त्याच्या जोडाला सफेदा नाही तं टेफ्लॉन टेप गुंडाळलेली असते, अन् त्या टेपचा एक धागा पेट्रोलमधून इंजेक्टरमध्ये गेला की तोंड बंद.

नवीन गेज आणलं की त्याला पेट्रोल लागाच्या आधी पंक्चरवाल्याकडे जा, कॉम्प्रेसरवर ४० भरून त्याच्या गेजसोबत आपलं गेज जुळवून पाहा. दोन-एक पीएसआयचा फरक निघाला तं गेजच्या मागे मार्करनं लिहून ठेवा. एकदा पेट्रोल लागलेलं गेज मात्र कॉम्प्रेसरवर चढवाचं नाही.

टी-जॉईंट लागेल, तुमच्या होजच्या मापाचा, सप्लायच्या बाजूला बहुतेक ८ मिलिमीटर. काही परदेशी गाड्यांच्या रेलवर ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखा टेस्ट व्हॉल्व्ह असते, त्यावर गेज सरळ आट्यांवर आवळलं की झालं, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो नसते म्हणून टी. अन् होज कोणता घ्यायचा, इथं कंजुसी करू नका. होजवर "एसएई जे३० आर९" छापलेलं पाहिजे, तो इंजेक्शनच्या प्रेशरचा आहे. आर७ लिहिलेला कार्बोरेटरचा असते. ट्रॅक्टरच्या डिझेलचा कोणताही काळा पाईप अन् बिना नावाचा पारदर्शक पाईप तं बिलकुल नाही. क्लिपा पण गोल पट्ट्याच्या, इंजेक्शनवाल्या घ्या, त्या छिद्रं पाडलेल्या स्वस्त क्लिपा होजला दात मारतात.

बाकी मल्टीमीटर, टॉर्च, जुनं धोतर नाही तं सुती कापड, डोळ्याचा चष्मा, अन् एक हुशार माणूस सोबत. हुशार म्हणजे जो मधातच बिडी पेटवत नाही.

जागा अन् वेळ

ठिणगी मिळाली तं पेट्रोलची वाफ उणे ४० अंशालाही पेट घेते, म्हणजे आपल्या मे महिन्यात ती कायम तयारच असते. म्हणून गाडी उघड्यावर लावा. गोठ्यात नाही, कुटाराच्या ढिगाजवळ नाही, अन् दिवाळीनंतर घरात कापूस भरून ठेवला असेल तं त्या खोलीच्या भिंतीलगत तं नाहीच नाही. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, सोबत एक ओलं पोतं. पेट्रोलच्या आगीवर बादलीभर पाणी मारलं की आग पाण्यावर तरंगत अंगणभर फिरते. आमच्या वस्तीवर एकानं टीव्हीवर पाहून पाणी मारलं, नशिबानं फक्त मोटरसायकलच गेली.

काम सकाळी करा. उन्हाळ्यात अकोला-अमरावतीकडे पारा ४५ च्या घरात असते, दुपारी बोनेटखाली हात घालणं म्हणजे तव्यावर हात ठेवणं. अन् नुसतं हाताचं नाही, गरम इंजिनचं रीडिंग वेगळं येते, ते खाली सांगतो. पहिलं रीडिंग थंड इंजिनवर, टाकी निम्मी तरी भरलेली.

प्रेशर उतरवणं

रेलमध्ये इंजिन बंद असतानाही प्रेशर अडकून असते. सरळ होज ओढला तं पेट्रोलची पिचकारी तोंडावर, अन् गरम हेडरवर पडली तं मग सांगाचीच गरज नाही. म्हणून इंजिन चालू ठेवून फ्युएल पंपाचा फ्यूज नाही तं रिले (पंपाला करंट देणारा आपोआप चालणारा स्विच) उपसा, इंजिन आपोआप दम तोडेल. मग दोन वेळा दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. आता बॅटरीची मायनस काढा. तरीही जोड उघडताना भोवती कापड गुंडाळा, चष्मा लावा, अर्धा कप पेट्रोल येतेच येते. ते कापड नंतर वाळायला उघड्यावर टाका, डिक्कीत कोंबू नका.

टी कुठं बसवाचा

फिल्टरच्या पुढे, रेलच्या आधी. नवीन माणूस नेहमी रिटर्नच्या पाईपवर बसवते, कारण तिथं हात जाते, अन् मग मला फोन करते की भाऊ प्रेशर तं दोनच दाखवून रायलं. ते बायपासच्या पाईपवर गेज लावून बाग पाहण्यासारखं आहे. कोणता सप्लाय अन् कोणता रिटर्न ते रेग्युलेटरवरून ओळखा, रेग्युलेटरच्या बुडातून निघते तो रिटर्न.

मूळ होज कापू नका, तो काढून बाजूला ठेवा, अन् त्याच्या जागी आर९ चे दोन तुकडे अन् मधात टी. होज नळीवर चांगला इंचभर चढला पाहिजे अन् क्लिप अगदी टोकावर नाही, थोडी आत. गेजचा पाईप पंख्यापासून, बेल्टपासून अन् हेडरपासून दूर बांधा. रिटर्नलेस गाडीत कडक नायलॉनचे पाईप अन् दाबून निघणारे कनेक्टर असतात, तिथं ब्लेड चालवाचं नाही, त्याच मापाच्या कनेक्टरचा अडॅप्टर आणा, मिळाला नाही तं मिळेपर्यंत थांबा.

पहिलं रीडिंग : नुसती चावी

बॅटरी लावा, फ्यूज लावा, चावी ऑन करा पण सेल्फ मारू नका. मागून पंपाचा घूंऽऽ आवाज दोन-एक सेकंद येईल अन् बंद होईल. तीन-चार वेळा चावी ऑन-ऑफ करा म्हणजे टी लावताना शिरलेली हवा निघून जाते. आता सगळ्यात आधी गेज पाहू नका, जोड पाहा. टॉर्च मारा, जोडाखाली कोरडा कागद धरा. ओला झाला तं तिथंच थांबा.

कोरडा असेल तं आकडा लिहा, त्याला मी "बेस" म्हणतो. माझ्या जिप्सीच्या घराण्यातल्या जुन्या रिटर्नवाल्या सुझुकी इंजिनांना तो ३८ ते ४४ पीएसआय आला पाहिजे, माझा ४२ आला. म्हणजे पंप चांगला, रेग्युलेटर चांगला, मी खूश. इथंच बरेच लोक गेज काढून घरी जातात, अन् इथंच फसतात, कारण बाग सुरू न करता हेडर व्हॉल्व्ह बंद ठेवून पाह्यलेलं प्रेशर कधीही चांगलंच दिसते.

दुसरं : आयडल, अन् व्हॅक्युमची नळी

इंजिन चालू करा. रिटर्नवाल्या गाडीत प्रेशर खाली येईल, या सुझुकी घराण्यातल्या कंपनी इंजिनात ३० ते ३७ च्या मधात. घाबरू नका, ते बरोबर आहे. रेग्युलेटरला इंजिनच्या मॅनिफोल्डमधून (हवा आत जाते तो पाईप) एक बारीक व्हॅक्युम नळी जोडलेली असते. इंजेक्टरच्या एका बाजूला रेलचं प्रेशर अन् दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डचा ओढा, रेग्युलेटर या दोघांतला फरक कायम सारखा ठेवते. आयडलला ओढा जास्त म्हणून रेलचं प्रेशर तेवढं कमी. १८ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्युम म्हणजे जवळपास ९ पीएसआय, म्हणून ४२ मधून ९ गेले की ३३.

आता ती नळी रेग्युलेटरवरून काढा अन् नळीचं तोंड बोटानं बंद करा. सुई लगेच बेसवर, म्हणजे ४२ च्या आसपास उडाली पाहिजे. उडाली नाही तं रेग्युलेटर अडकला नाही तं नळीतच व्हॅक्युम येत नाही. अन् काढलेल्या नळीतून पेट्रोल टपकलं तं रेग्युलेटरचा पडदा फाटला, इंजिन नळीतून फुकटचं पेट्रोल पिऊन रायलं, लगेच बदला.

इथं मॉडिफाय गाडीची एक गंमत आहे जी मॅन्युअलमध्ये लिहिलेली नसते. मोठा कॅम टाकला की आयडलचा व्हॅक्युम घटते. १८ चा १२ इंच झाला की वजाबाकी ९ ऐवजी ६ ची, म्हणजे ३३ ऐवजी ३६ दिसणार. लोक म्हणतात रेग्युलेटर गेला. नाही गेला भाऊ, तो त्याचं काम करून रायला, बदलला तं तुमचा कॅम आहे. म्हणून मॉडिफाय गाडीत आयडलचा आकडा मॅन्युअलशी नाही, नळी काढल्यावरच्या आकड्याशी जुळवाचा.

ॲडजस्टेबल रेग्युलेटर लावला असेल तं तोही असाच, इंजिन चालू, नळी काढून, तोंड बंद करून सेट कराचा अन् लॉकनट आवळाचा. नळी लावलेली ठेवून सेट केला तं बेस नऊ-दहानं वर जाऊन बसते अन् गाडी काळा धूर सोडते.

मोठ्या पंपाचं दुखणं

बेस ४२ पाहिजे अन् तुमचा ५२-५५ दिसते, अन् तुम्ही नुकताच मोठा पंप टाकला आहे? मग बायपास लहान पडून रायला. तीन एचपीच्या जागी साडेसातची मोटर टाकली अन् बायपासचा पाईप जुनाच ठेवला तं हेडरवर काय होते ते तुम्हाला माहीत आहे. इथं रिटर्नचा पाईप बारीक आहे, एवढं पेट्रोल परत जायला वाव नाही, म्हणून सगळं रेलमध्ये कोंबलं जाते. खात्री करायची तं इंजिन बंद ठेवा, रेग्युलेटरच्या रिटर्नला तात्पुरता जाड होज लावून तो सरळ जमिनीवर ठेवलेल्या डबकीत सोडा (गाडीच्या ट्रेवर नाही, जमिनीवर, स्टॅटिकची ठिणगी पडते), अन् थोडा वेळ पंप चालवा. प्रेशर ४२ वर आलं तं मागचा पाईप दोषी. तेवढंच राह्यलं तं रेग्युलेटरच त्या पंपाला पुरत नाही.

डबकी लावलीच आहे तं मापही घेऊन टाका. रिलेच्या जागी जंपर टाकून बरोबर ३० सेकंद पंप चालवा अन् मिळालेलं पेट्रोल मापाच्या भांड्यात मोजा. १०० हॉर्सपॉवरचं बिना टर्बोचं इंजिन फुल ताकदीवर तासाला साधारण ३० लिटरच्या वर पिते, म्हणजे ३० सेकंदाला २६० मिलिलिटर, त्यावर पाव-एक हिस्सा राखीव धरा. टर्बोला आणखी जास्त लागते. आता सांगा, ८०-९० हॉर्सपॉवरच्या माझ्या जिप्सीला २५५ लिटरचा पंप कायले पाहिजे होता? उत्तर माझ्याजवळ नाही, दुकानदाराजवळ होता म्हणून घेतला.

तिसरं : बंद केल्यावर

इंजिन बंद करा अन् गेजकडे पाहत बसा. एका मिनिटानंतरही चांगलं प्रेशर टिकून असलं पाहिजे, या सुझुकी इंजिनांत २५-२६ च्या वर. भरभर शून्यावर गेलं तं कुठून तरी गळून रायलं, अन् मग सकाळी गाडी चार वेळा सेल्फ मारल्यावर चालू होते. शोधायचं असं : चावी ऑन करून प्रेशर बनवा अन् पंप बंद होताच सप्लायचा रबरी होज, टीच्या मागे, कापड गुंडाळलेल्या पक्कडनं हलकाच दाबून धरा. आता प्रेशर टिकलं तं पंपाचा चेक व्हॉल्व्ह गेला, अगदी विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हसारखं. नाही टिकलं तं परत प्रेशर बनवून रिटर्नचा होज दाबा, मात्र पंप चालू असताना रिटर्न दाबाचा नाही, सुई शेवटाला जाते अन् जुना होज फाटू शकते. रिटर्न दाबल्यावर टिकलं तं रेग्युलेटर. दोन्हीत नाही टिकलं तं इंजेक्टर गळतात, ऑईलची डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तं ते ऑईल बदलल्याशिवाय गाडी पळवू नका. जाळीचा ब्रेडेड होज असेल तं त्याला पक्कड लावू नका, आतून चिरते.

गरम इंजिनवर हे रीडिंग फसवते. बंद केल्याबरोबर बोनेटखालच्या उष्णतेनं रेलमधलं पेट्रोल फुगते अन् प्रेशर आधी थोडं वर जाते, मग उतरते. म्हणून सकाळ.

चौथं, अन् खरं : लोडवर

बिना टर्बोच्या गाडीत पाय पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम जवळपास राहत नाही, म्हणजे रेलचं प्रेशर बेसवर आलं पाहिजे अन् आरपीएम कितीही चढला तरी तिथंच थांबलं पाहिजे. टर्बो असेल तं बेस अधिक बूस्ट (टर्बोनं कोंबलेल्या हवेचं प्रेशर), ४२ बेस अन् ८ बूस्ट तं ५०. जागेवर उभ्या गाडीची रेस वाढवून हे कळत नाही, पेट्रोल खर्चच होत नाही ना.

पेट्रोल भरलेलं गेज गाडीच्या आत घ्यायचं नाही, कोणी कितीही म्हणो. मी गेज बाहेर, काचेच्या बुडाशी वायपरजवळ झिपटायनं बांधलं, पाईप बोनेटच्या फटीतून चेंगरणार नाही असा काढला, अन् आतून मोबाईल काचेला चिकटवून व्हिडिओ लावला. गाडी कायमच मॉडिफाय ठेवाची असेल तं इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावा, आत फक्त वायर येते. मग रिकामा, सरळ चढाचा रस्ता पाहून तिसऱ्या गिअरमध्ये पाच-सहा सेकंद पूर्ण पाय, बस. घाटाच्या वळणावर नाही, मेळघाटचा घाट आहे तो, समोरून एसटी येते अन् कधी रानगवा. डायनो, म्हणजे गाडी जागेवरच लोडवर चालवून तपासाचं मशीन, मिळत असेल तं त्याहून चांगलं काही नाही.

माझ्या व्हिडिओत काय दिसलं? चावीवर ४२, आयडलला ३५, अन् लोडवर आरपीएम चढत गेला तशी सुई ३८, ३३, २८. इंजेक्टरचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळानं चालते, म्हणजे ४२ चे २८ झाले तं पेट्रोल एक तृतीयांशानं नाही, पण जवळपास १८ टक्क्यांनी कमी. फुल लोडवर १८ टक्के कमी पेट्रोल म्हणजे इंजिन कोरडं (हवा जास्त, पेट्रोल कमी), नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून ठोके), अन् थोडं जास्त ताणलं असतं तं पिस्टनला भोक. असं दिसलं की पाय लगेच उचलाचा, परत एकदा पाहू म्हणून दाबाचा नाही.

सुई उतरते तं दोष कुठं

मोठा पंप, नवा फिल्टर, तरी प्रेशर पडते. चुलतभाऊ म्हणे, "व्होल्टेज पाह्य." रब्बीत सगळ्या गावाच्या मोटरा एकदम चालू झाल्या की आपली मोटर घुंघुं करते अन् ड्रीपरमधून थेंब पडत नाही, तेच. मल्टीमीटर पंपाच्या अगदी कनेक्टरवर लावला, पंप चालू असताना, अन् बॅटरीवर १३.८ असताना पंपाला मिळत होते १०.४. तीस वर्षांच्या डिझाईनची बारीक वायर, अर्धा जळलेला कनेक्टर, अन् त्यावर दुप्पट करंट खाणारा पंप. बॅटरीपासून २.५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, नवा रिले, अन् चांगली अर्थिंग दिली, त्यानंतर लोडवर ४१. रिलेला इशारा मात्र कंपनीच्या जुन्या पंप-वायरचाच द्या, सरळ चावीवर जोडू नका, नाही तं गाडी उलटली अन् इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओततच राहील.

व्होल्टेज बरोबर असेल तं फिल्टर. फिल्टरच्या आधी एकदा अन् नंतर एकदा गेज लावून फरक पाहा, बागेत पाहता तसाच. तोही बरोबर असेल तं टाकीत उतरा, पंपाच्या तळाची जाळी अन् पंपावरचा छोटा होज पाहा. २०२३ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायला लागलं, ते जुनं रबर फुगवते, त्याचे तुकडे सुटून जाळीत बसतात, अन् टाकीतला होज चिरला तं पेट्रोल टाकीतल्या टाकीतच गळते, बाहेर थेंब दिसत नाही. ई-२० चा आणखी एक घोळ असा, त्याला जळायला हवेच्या मानानं जास्त पेट्रोल लागते, साध्या पेट्रोलला १४.७ ला १ तं याला साधारण साडेतेराला १. म्हणजे प्रेशर एकदम बरोबर असूनही जुन्या मॅपवर (किती पेट्रोल फवाराचं ते ठरवणारा गाडीच्या कॉम्प्युटरमधला तक्ता) गाडी फुल पायावर कोरडी चालू शकते. तिथं रेग्युलेटरचा स्क्रू पिळून जुगाड करू नका, मॅप करून घ्या.

अन् सुई एका जागी न थांबता थरथरत खाली येते, तेही फक्त दुपारी अन् टाकी पावच्या खाली असताना, तं ती वाफ आहे. रिटर्नवाल्या गाडीत इंजिनची गरमी घेतलेलं पेट्रोल परत टाकीतच येते, थोडंच पेट्रोल असेल तं तेच तेच फिरून तापते. आमच्याकडे मेमध्ये टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देत नाही, बाकी रिटर्नचा पाईप हेडरपासून दूर नेला अन् त्यावर उष्णतारोधक कव्हर चढवलं.

गेज काढताना

परत प्रेशर उतरवा, परत बॅटरी काढा, टी काढून मूळ होज लावा, तो कडक नाही तं चिरलेला दिसला तं आर९ चा नवाच टाका. टी कायमचा ठेवून देऊ नका, जास्तीचे तीन जोड म्हणजे गळायच्या तीन जागा. चावी ऑन करा, कागद धरा, इंजिन पाच मिनिटं चालवा, परत कागद धरा.

इंजिनचं स्वॅप, म्हणजे दुसरं इंजिन बसवणं, वगैरे केलं असेल तं आरटीओचं पाहून घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे अन् जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचे बदल चालणार नाहीत असं सांगितलं आहे, गेज लावून ते सुटत नाही.

चारही आकडे, बेस, आयडल, एक मिनिटानंतरचा अन् लोडवरचा, सोबत पंपावरचं व्होल्टेज अन् तारीख, हे बोनेटच्या आतल्या बाजूला पेंट मार्करनं लिहून ठेवा. माझ्या जिप्सीत ४२, ३५, ३१, ४१ अन् १३.३ लिहिलं आहे, त्याच्याखाली चुलतभावानं त्याच्या बागेच्या हेडरचं प्रेशर पण लिहून ठेवलं आहे, त्याला काय बोलाचं. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी चावी लावाच्या आधी बोनेट उघडून एकदा वास घ्या, पेट्रोलचा वास आला तं गाडी चालू न करता आधी तो जोड शोधा.